सोलांजच्या फोटोला हार

मंडळातल्या छोट्या अंतराने फोटोला प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातला आणि मागे सरून बघितलं.

शोभनाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं, बाई जिवंत आहेत. बाहेर गाडीतून उतरताहेत."

"पण काकू, आपल्याकडे आजोबांच्या फोटोला..."

"आजोबा गेलेत."

डब्लिनच्या मराठी मंडळाला फ्रेंच नटीचं काय कौतुक? कौतुक होतं ते शोभनाताईंच्या नवऱ्याला. डॉक्टर मोरेश्वर नागपूरला मेडिकलला होते तेव्हा त्यांनी सोलांजचे सिनेमे पाहिले, आणि तेव्हापासून एक थिअरी सांभाळली. सुरुवातीच्या सिनेमांत सोलांज नुसतीच गोड बाहुली. मग तळ्यावरच्या शूटिंगमध्ये होडी उलटली आणि अवघड दृश्यांत तिच्या जागी उभी राहणारी तिची डबल इव्हेत बुडाली. दोघी इतक्या सारख्या, की दिग्दर्शकही फसायचा. त्या दुःखातून बाहुलीची अभिनेत्री झाली. ही थिअरी शोभनाताई लग्नापासून वरणभाताबरोबर ऐकत होत्या.

आता नव्वदी ओलांडलेली सोलांज जवळच्याच सीनियर होममध्ये सापडली होती. तिने चारचौघांत 'हो' म्हटलं की डॉक्टर जन्माचे जिंकले. आणि तिच्या स्वागताला हा हार.

डॉक्टर तो काढायला धावले, तोवर बाई वॉकर घेऊन दारात उभ्या.

"काढता कशाला? याचा अर्थ काय?"

"आदर," डॉक्टर म्हणाले.

"अहो, खरं सांगा," शोभनाताई म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते."

डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितलं. गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतो.

बाई फोटोकडे बघत राहिल्या. पहिल्या सिनेमातला होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

रागावल्या नाहीत, एवढ्यावरच डॉक्टरांना धीर आला. माइक हातात घेऊन त्यांनी जन्मभराचा प्रश्न विचारला.

"त्या अपघाताने तुम्ही बदललात, हे खरं ना?"

"अगदी खरं, डॉक्टर. त्याच दिवशी सगळं बदललं."

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी बायकोकडे असं पाहिलं, की पुढची दहा वर्षं तिला हेच ऐकावं लागणार. मग ते बाईंच्या कानाशी वाकले.

"इव्हेतला वाचवता आलं नाही, याचं फार वाईट वाटत असेल."

"इव्हेत उत्तम पोहायची," बाई हळूच म्हणाल्या. "पोहता येत नव्हतं ते सोलांजला. म्हणून तर मला ठेवलं होतं."