लाल खुंटीचा फोटो

तपासनीस साहेब पाच वर्षांपूर्वीचा फोटो हातात धरून खाडीकाठी उभे होते. फोटोत नुसता भेगाळलेला चिखल आणि मधोमध एक लाल खुंटी. खारफुटी लागवडीच्या प्रकल्पाचा नियम होता, की आजचा फोटोही त्याच खुंटीपाशी उभं राहून काढायचा. खुंटी रोपवाटिकेच्या ताईंनीच ठोकली होती. उजाड चिखलात कुठेही ठोकली तरी काय बिघडतंय, म्हणून अगदी मधोमध. आता तिथे खारफुटी अशी माजली होती, की खेकडासुद्धा वाट चुकला असता.

"तीस-चाळीस झाडं तोडा, वाट होईल," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "फोटो नाही तर प्रकल्प नापास. मग ही जागा टपून बसलेल्या गोदामवाल्यांना गेली, तर मला बोल लावू नका."

कोयता ताईंच्या हातातच होता. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

"एक फांदीसुद्धा तुटणार नाही. खुशाल नापास करा."

"आणि कारण काय लिहू?"

"खरं तेच लिहा. झाडी इतकी दाट, की जागेवर पोचता आलं नाही."

साहेबांनी तणतणत तसंच्या तसं लिहिलं. मग लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं आणि पेन हवेतच थांबलं.

"थांबलात का? सही करा, शिक्काही मारा," ताई म्हणाल्या. "गोदामवाले आले, की कोर्टात मी हाच कागद दाखवणार आहे."