घरचीच गोळी

"थांब, गिळू नकोस," सासरे म्हणाले.

सुनेनं गोळी हातातच धरली. तिला सातवा महिना लागला होता आणि कालपासून डोकं ठणकत होतं. पाय सुजलेले पाहून सासूबाईंनी प्रेशर वाढल्याचं निदान केलं आणि स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्यांतली एक तिला दिली.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून ते गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचत होते. मुंगीएवढी अक्षरं.

"गरोदर बाईनं घ्यायची नाही, असं लिहिलंय. बाळाच्या किडनीला धोका."

"इतकी वर्षं घेतेय मी, मला काही झालं?" सासूबाई तडकल्या. "घरच्या पोरीला विष देईन का मी?"

"विष कोण म्हणतंय? तुझं औषध तुझ्यापुरतं, एवढंच."

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी अर्धंच ऐकून घेतलं. "डोकं दुखतंय, पाय सुजलेत, मग घरी काय करताय? आत्ताच्या आत्ता घेऊन या."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ॲडमिट व्हावं लागेल. याआधी घरी कुठली गोळी घेतली होती का?"

"नाही," सून चटकन म्हणाली.

"घेतली होती." सासूबाई दारात उभ्या होत्या. "काल. तिला नको होती, मीच मागे लागले."

सासऱ्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका गोळीनं बहुतेक काही बिघडत नाही. पण कशावर लक्ष ठेवायचं, ते मला कळायला हवं ना."

त्यांनी सुनेच्या पोटावर यंत्र टेकवलं. थोडा वेळ नुसतीच खरखर. मग ठोके ऐकू आले, भराभर, एकावर एक.

सासूबाई दारातून हलल्या नव्हत्या.

"आई," सून म्हणाली, "तिथून नीट ऐकू यायचं नाही. जवळ या."