कोपराखाली

"फार गुळगुळीत झालाय," असं म्हणून त्याने तो वीतभर उंचीचा योद्धा टेबलावर ठेवला आणि पुन्हा खोलीत येरझारा घालायला लागला.

रंगकाम करणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. जुन्या ॲक्शन फिगरना नवं रूप देण्यात त्यांची हयात गेली होती, पण असं काम कधी आलं नव्हतं. लाल चिलखताचा हा योद्धा कंपनीने मोजकाच काढलेला. या माणसाने तो आठ वर्षं काचेच्या कपाटात जिवापाड जपला आणि गेल्या आठवड्यात स्वतःहून आणून दिला. डावा हात कोपराखाली कापायचा म्हणाला. असल्या वस्तूवर पातं चालवायचं बाईंच्या जिवावर आलं होतं. दोन दिवस त्यांनी चालढकल केली. शेवटी हात कापला, टोक भरलं, घासलं, रंगवलं. त्यांच्या मते तरी काम झकास झालं होतं.

"अरे, छान तर झालंय," दाराजवळ स्टुलावर बसलेली त्याची बायको म्हणाली. "बस ना जरा एका जागी."

तो बसला आणि लगेच उठला. त्याच्या शर्टाची डावी बाही कोपरापाशी दुमडून पिनेने बंद केलेली होती. वळताना तो दर वेळी ती बाजू भिंतीकडे करत होता.

"पोरीला द्यायचाय, ताई. आधी ती त्या कपाटाजवळ गेली तरी ओरडायचो. आता मी हाक मारली की आईच्या मागे लपते. म्हटलं, याच्याशी खेळू दे, सवय होऊ दे. पण हा तर जन्मतःच असा असल्यासारखा दिसतो. माझा हात मशीनमध्ये गेलाय."

"मग मला बघावा लागेल," बाई बोलून गेल्या आणि ओशाळल्या.

"राहू दे," बायको घाईघाईने म्हणाली. "पोरीला काय कळतंय त्यातलं?"

"तुला तरी काय कळतंय? तू पाहिलायस?"

"दाखवलास कधी? दार लावून पट्ट्या बदलत होतास."

मग त्याने पिन काढली आणि बाही वर सारली.

"खिडकीशी बसा. उजेड हवा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम रोजच्यासारखा ठेवला.

तो बायकोकडे पाठ करून बसला. बाईंनी त्याच्या हातावरून नजर न हलवता योद्ध्याच्या कापलेल्या टोकावर भरणीचं नवं लुकण लावलं, सुईने सुरकुत्या ओढल्या, टाक्यांचे वण उमटवले. मग तीन रंग कालवले.

"तुमचा पाय. टेबल हलतंय."

त्याने पाय आवरला. थोड्या वेळाने पाय पुन्हा हलायला लागला.

बायको स्टुलावरून उठली, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी आली. तिची सावली कामावर पडली. बाजूला व्हा म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, पण म्हणाल्या नाहीत.

"ताई, इथे जरा जास्त तांबूस हवं," बायको म्हणाली.

बाईंनी योद्ध्याकडे पाहिलं. तिचं बोट तिथे नव्हतं, नवऱ्याच्या हातावर होतं.