गुणगुणणारं खाचर

मातीतले जिवाणू ऐकवणारे भोंगे शेताशेताला लागले, तेव्हापासून चंद्रीचं डोकं फिरलेलं. थोरल्या जावेचं भातखाचर मधमाश्यांसारखं गुणगुणायचं, हिचं मुकं. वाडीतल्या बायका ऐकायला तिकडेच जायच्या.

शेवटी भर दुपारी चंद्रीने जावेच्या खाचरातली टोपलीभर माती चोरून आपल्या वाफ्यात पसरली. चार दिवसांत भोंगा गुणगुणला. बायकांना बोलावणं धाडून तिने खुशीत वाफ्यावर पाला-शेण रचलं आणि पेरणीआधी जमीन भाजायची म्हणून दरवर्षीसारखा राब पेटवला.

बायका आल्या, तर भोंगा गप्प.

त्या गेल्यावर मागे राहिलेली जाऊ म्हणाली, "माझ्या खाचरातला खड्डा दिसला मला. माती चोरलीस ते चोरलीस, वर जिवाणूंसकट भाजलीस पण? अगं, तीन वर्षं मी राब लावलाच नाही."

"मग सांगायचं होतं."

"तू विचारलंस कधी? आण ती टोपली."

जावेने टोपली भरून दिली. चंद्रीला ती चोरीच्या टोपलीपेक्षा जड झाली.