शंभरात नऊ बोंबील

खोटं वाटेल, पण २०१७ साली धाकटी डहाणूत नारूने चक्क सुक्या बोंबलांची बँक काढली होती. बायका आपली पावसाळ्याची बेगमी त्याच्या माळ्यावर ठेवायच्या आणि नारू तेच बोंबील गावभर उसने द्यायचा. परत घेताना वर चार जास्त.

एके सकाळी पुतळी पेपर नाचवत आली. "नारूभाय, बँकेने शंभर उसने दिले तर त्यात नऊ तरी स्वतःचे लागतात म्हणे. तुझे किती?"

"होते गं. परवा पाहुणे आले, खाऊन गेले."

झालं! तासाभरात सगळ्या बायका टोपल्या घेऊन दारात. माळ्यावर निम्मेही बोंबील नव्हते. नारू घाईघाईने मागच्या दाराशी जाऊन आला. तेवढ्यात सरपंच धापा टाकत आले आणि त्यांनी बोंबलांची लांबलचक माळ दाराला टांगली. "हे नारूचं भांडवल, माझ्याकडून! शंभरात नऊ कसले, बारा घ्या!"

बायका निर्धास्त घरी गेल्या. पुतळी तेवढी रेंगाळली. "सरपंच, तुमची होडी तर वर्षभर उलटी पडलीय. एवढे बोंबील आणले कुठून?"

"नारूनेच दिले आत्ता उसने. एवढा साठा गावात दुसऱ्या कोणाकडे आहे, पुतळीबाय?"