दिवस नववा

ग्रिलमध्ये तुळशीची कुंडी. घरात दुसरी कुंडी नाही.

श्रीखंडाचा जुना डबा. आत आंब्याच्या सालींचा लगदा, झाकणावर चिठ्ठी: खाऊ नये.

दारामागच्या खिळ्याला पिशव्यांनी भरलेली पिशवी.

वहीतली एक ओळ, खाली दोन रेघा: ‘दिवस नववा. तुकडा सापडला नाही. मातीत पूर्ण जिरला.’

दहा वाजून गेले होते. बाराला अंधेरीच्या पॅकिंग कंपनीत भेट. कंपनीची अट एकच: पिशव्यांची पातळ फिल्म महिन्याभरात मातीत कुजली पाहिजे. श्रुतिकाची आंब्याच्या सालींची फिल्म नऊ दिवसांत कुजत होती. तीनदा पुरली, तीनदा नाहीशी झाली. घाटकोपरच्या ज्यूसवाल्यांकडून साली आणायच्या, शिजवायच्या, ताटात ओतून पंख्याखाली वाळवायच्या. यासाठी लॅबमधली नोकरी सोडून तिला वर्ष झालं होतं. तुळशीत काय पुरते ते तिने सासूबाईंना, विमलाबाईंना, सांगितलं नव्हतं. त्या नको म्हणाल्या असत्या.

भागीदार मिथुन बूट न काढता दारातच उभा होता.

“आई, नमुने न्यायला एक चांगली पिशवी द्या ना.”

विमलाबाईंनी खिळ्यावरची पिशवी काढली, आत हात घातला. एक पिशवी वर आली. तिच्याबरोबर चार तुकडे. धुतलेले, वाळवलेले, नीट घडी घातलेले.

श्रुतिका पुढे झाली. “हे कुठे मिळाले?”

“तुळशीत. प्लास्टिक कोण पुरता गो तुळशीत? दर गुरुवारी माती मोकळी करतंय, तेव्हा गावता. टाकूक जीव होईना. चांगला हा.”

मिथुनने तुकडे हातात घेतले. तीन पिवळट, एक पांढरा. एक पिवळट ओढून बघितला. फाटला नाही.

“वाट लागली,” तो म्हणाला. “नऊ दिवस गेले उडत. हे तर नव्यासारखे आहेत.”

“मला काय माहीत, आई काढून ठेवतात म्हणून?”

“तुला कसं कळणार, यार. तुझी काय चूक?”

विमलाबाई हळूच स्टुलावर टेकल्या. “म्हणजे माझ्यामुळे झाला सगळा?”

श्रुतिका म्हणाली, “असू दे आई. पण एकदा विचारायचं तरी होतं.”

त्यांनी मान हलवली. पदराने हात पुसले, कोरडेच होते तरी.

मिथुनने भेट पुढे ढकलायला फोन काढला. “वही दे इकडे. कुठे कुठे काय लिहिलंय ते बघतो.”

“नंतर,” ती म्हणाली. वही तिने पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

दोन रेघांच्या त्या ओळीच्या मागच्या पानावर, त्याच तारखेला, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘तुलनेसाठी पुरलेला दुधाच्या प्लास्टिक पिशवीचा तुकडाही सापडला नाही.’