अंडी फुटली

ह्यांनी हौदाच्या भिंतीवर खडूने ‘सोळा तास’ असं लिहून ठेवलं होतं. रोहू माशाच्या अंड्यांतून पिल्लं यायला तेवढेच तास लागतात, असं हे प्रशिक्षणात शिकून आले होते. अंडी पडली रात्री नऊला, म्हणजे पिल्लं दुपारी एकला.

एक वाजला, दोन वाजले. अंडी नुसतीच पाण्यात गोल फिरत होती. मी थर्मामीटर ह्यांच्या नाकासमोर धरला. “सकाळपासून गार वारा सुटलाय, पाणी चोवीसवर आलंय. सोळा तासांचा हिशोब अठ्ठावीसच्या पाण्याचा. गारठ्यात वेळ लागणारच.”

“मेलीत ती,” म्हणत हे तडक धरणावर जाऊन बसले. आमची पहिलीच खेप होती.

साडेपाचला एका अंड्यात शेपटी वळवळली. मग दुसऱ्यात, मग हौदभर. मी ह्यांना फोन लावला.

“अहो, अंडी फुटली.”

“सगळी?”

“सगळी.”

हे पडेल आवाजात म्हणाले, “फेकून दे.”

“काय फेकून दे? नाचतायत ती.”

हे चपला हातात घेऊन धावत आले. हौदात डोकावून खुळ्यासारखे हसले, भिंतीवरचे ‘सोळा’ पुसून ‘साडेवीस’ केले आणि लगेच सासूबाईंना फोन लावला.

“आई, अंडी फुटली.”

पलीकडे सासूबाईंनी हंबरडा फोडला. ‘तसं नाही गं’ एवढं सांगायचं होतं, पण हौदाला धरून हसताना आम्हा दोघांपैकी कुणालाच श्वास पुरेना.